मे महिन्यातला आकडा मागा : अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांना खुलं पत्र

सहकारी मित्रमैत्रिणींनो,

परवा मंडळाच्या गणपतीत आपण आठ-दहा जण शाळेच्या कॅफेटेरियात मसालेभाताच्या ताटल्या हातात धरून उभे होतो. ओहायो, इंडियाना, मिशिगनमधल्या हजार-बाराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजांत शिकवणारे सगळे. विषय नेहमीचाच निघाला. यंदा कुणाकडे ॲडमिशन किती कमी झाल्या, कुठला विभाग गुंडाळला, कुणाच्या निवृत्तीनंतर ती जागा भरलीच नाही. एकीकडे जर्मन गेलं, दुसरीकडे तत्त्वज्ञान गेलं, आता संगीतावर आलंय. मग कुणीतरी म्हणालं, "आधी तो फुटबॉल बंद करा म्हणावं, सगळा पैसा तिकडे जातो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना गाडीत मला ते लागून राहिलं. एकोणीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे, आणि एकही आकडा न बघता मी मान डोलावली होती. आपल्यापैकी तिघं-चौघं बजेट कमिटीवर आहेत, दोघं फॅकल्टीचे प्रतिनिधी म्हणून ट्रस्टींच्या बैठकीला बसतात. येत्या हिवाळ्यात आपल्याच कॉलेजांत हा प्रश्न मताला येणार आहे. तेव्हा जे त्या कॅफेटेरियात बोलायला हवं होतं, ते इथे लिहिते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अख्खं शहर जो फुटबॉल बघतं, तो हा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल : हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून, लांबुळका चेंडू हातात घेऊन, समोरच्याला अंगाने रेटत पुढे जाण्याचा. एका संघात शंभरावर मुलं असू शकतात, आणि हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शंभर म्हणजे दर दहांतला एक.

त्या शंभरांतल्या एकाबद्दल आधी सांगते. नाव लिहीत नाही.

माझा सकाळी आठचा वर्ग, पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र. आमच्या त्या खोलीत खुर्चीलाच लिहायची फळी जोडलेली असते. हा मुलगा पहिल्या दिवशी आला, खुर्चीकडे बघितलं, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं उशिरा आलाय म्हणून संकोचला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो त्या खुर्चीत मावत नाही, फळी पोटाला लागते, आणि हे सगळ्या वर्गासमोर सांगायची त्याला लाज वाटते. मी बाजूच्या खोलीतून एक साधं टेबल आणि बिनहाताची खुर्ची ओढून आणली आणि काही न बोलता मागे ठेवली. सेमिस्टर संपेपर्यंत तो तिथे बसला.

ऑक्टोबरात मिडटर्मला तो खांद्यावर बर्फाची पिशवी प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळून आला होता. पहाटेच्या प्रॅक्टिसमध्ये खांदा दुखावला होता. बर्फ वितळून थेंब उत्तरपत्रिकेवर पडत होते आणि शाई पसरत होती. तो दर दोन मिनिटांनी बाहीने कागद टिपायचा आणि पुढे लिहायचा. तो पेपर मी अजून ठेवलाय.

एकदा सरासरी आणि मध्यक शिकवत होते. (या खेळात ‘लाइन’ म्हणजे पुढच्या फळीत रेटणारी जड मुलं, आणि ‘किकर’ म्हणजे चेंडूला लाथ मारणारा हलका खेळाडू.) त्याने हात वर केला आणि विचारलं, "प्रोफेसर, आमच्या लाइनमधल्या मुलांचं सरासरी वजन काढताना किकरला धरायचं का? तो दीडशे पौंडांचा आहे. तो धरला तर आम्ही सगळे आहोत त्यापेक्षा हलके दिसतो." एक टोकाचा आकडा सरासरीला कसा ओढून नेतो, हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर समजावतेय. त्याने ते स्वतःच्या संघाकडे बघून ओळखलं होतं. त्याच्यात डोकं होतं.

ओहायो नदीच्या काठच्या एका लहान गावातून तो आला होता. आई वृद्धाश्रमात मदतनीस. आमच्या कॉलेजातून त्याला बारावीत असताना अकरा फोन गेले होते, सगळे कोचचे. शिक्षकांपैकी कुणी एकही केला नव्हता, मीही नाही. पहिल्या सीझनला तो मुख्य संघात उतरलाच नाही. सोमवारी संध्याकाळी रिकाम्या स्टँडसमोर कनिष्ठ संघाचे सामने होतात, त्यात खेळला. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. त्याने संघ सोडला आणि त्या दिवसापासून त्याला सकाळी उठवणारं, जेवलास का विचारणारं, वर्गाला का गेला नाहीस म्हणून दटावणारं कुणी उरलं नाही. डिसेंबरात तो कॉलेज सोडायचा फॉर्म घेऊन माझ्याकडे सहीला आला. त्याच्या नावावर सरकारी कर्ज होतं. त्याहून मोठं कर्ज आईच्या नावावर होतं. हातात पंचेचाळीस क्रेडिट होते. पदवीला आमच्याकडे एकशेवीस लागतात.

पुढच्या ऑगस्टमध्ये फॅकल्टी मीटिंगला पडद्यावर एक आकडा दाखवला : फुटबॉलच्या यादीत शंभर नावं, गेल्या वर्षीइतकीच. कार्यक्रम उत्तम चाललाय असं सांगितलं गेलं. टाळ्या वाजल्या. त्या शंभरांत त्याचं नाव नव्हतं, त्याच्या जागी दुसरं कुणीतरी आलं होतं, आणि पडद्यावरच्या आकड्याला त्याने काहीच फरक पडत नव्हता.

आता पैशाचं. आपल्या गप्पांत जे गृहीत धरलं होतं ते मुळातच चुकीचं आहे.

आपली बहुतेक कॉलेजं डिव्हिजन थ्रीमधली, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या गटातली. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, तसा नियमच आहे. टीव्हीवर शनिवारी दिसतो तो फुटबॉल वेगळा. खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती मोठी विद्यापीठं थेट आपल्या खेळाडूंना पैसे वाटू शकतात; २०२५-२६ या पहिल्या वर्षी ती मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. आपल्याकडे पैसा उलट्या दिशेने वाहतो. खेळाडूच कॉलेजला फी देतो. छोट्या कॉलेजात फुटबॉल ठेवतात तो तिकिटं विकायला नव्हे, शंभर फी भरणारी मुलं आणायला. गरज आहे म्हणून. अमेरिकेत २००७ साली ४३ लाख मुलं जन्मली, हा तिथला विक्रम. मग मंदी आली आणि जन्म घटत गेले. ती २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. यापुढे दरवर्षी बारावी होणारेच कमी होणार. त्यात कॉलेजात येणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून बरेच कमी. अशा वेळी फुटबॉलचा कोच एका हंगामात चाळीस मुलगे आणून उभे करतो, ते कुठल्याही ॲडमिशन ऑफिसला जमत नाही.

समजुतीपुरता एक हिशोब मांडते. आकडे माझे आहेत, कुठल्या एका कॉलेजाचे नाहीत. समजा शंभर मुलं आहेत आणि सगळ्या सवलती वजा जाता प्रत्येकाकडून कॉलेजला १८ हजार डॉलर मिळतात. म्हणजे १८ लाख. कोचचे पगार, ट्रेनर, बस, हेल्मेट, विमा, मुलं शोधायला केलेला प्रवास मिळून ८ लाख. त्यातली वीस मुलं फुटबॉल नसतानाही आली असती असं धरलं, तर फुटबॉलमुळे आलेले १४ लाख ४० हजार, खर्च वजा जाता ६ लाख ४० हजार उरले. तत्त्वज्ञानाचा विभाग वाचवायला फुटबॉल बंद करा म्हणणाऱ्यांनी हे बघावं : तत्त्वज्ञानाच्या दोन प्राध्यापकांचा पगार कदाचित त्या फुटबॉलमधूनच निघत असेल.

म्हणून "सगळा पैसा तिकडे जातो" हे वाक्य मी मागे घेते. आपण सगळ्यांनी घ्यावं.

पण हिशोब इथे थांबत नाही. शंभर मुलांचा संघ दोन प्रकारे तयार होतो. एका कॉलेजात पहिल्या वर्षाचे ४०, दुसऱ्याचे २७, तिसऱ्याचे १८, चौथ्याचे १५. एकूण शंभर. दुसऱ्या कॉलेजात २८, २६, २४, २२. एकूण शंभर. ऑगस्टच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दहा वर्षांनी बघा. पहिल्याने चारशे मुलं आणली आणि दीडशे शेवटच्या वर्षापर्यंत पोचवली. अडीचशे मधे कुठेतरी गळाली. दुसऱ्याने दोनशेऐंशी आणली आणि दोनशेवीस पोचवली. हे दोन वेगळे धंदे आहेत. एक शिक्षणाचा आहे. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. संघ सोडलेला प्रत्येक मुलगा कॉलेज सोडतोच असं नाही, हे मला ठाऊक आहे. काही जण राहतात आणि चांगले शिकतात. पण किती? हे आपल्या किती ट्रस्टींना सांगता येईल?

माझा सगळा मुद्दा हा एवढाच आहे. फुटबॉल ठेवायचा की नाही हे ऑगस्टच्या यादीवरून ठरवू नका आणि खर्चाच्या तक्त्यावरूनही ठरवू नका. चार वर्षांपूर्वी त्या खेळासाठी म्हणून जी मुलं आली, त्यांतली किती जण मे महिन्यात पदवीचा गाऊन घालून मंचावर चढली, तो आकडा मागा.

तो आकडा आपोआप समोर येत नाही, त्याला कारण आहे. १९९४ च्या कायद्याने जवळजवळ प्रत्येक सहशिक्षणाच्या कॉलेजाला कुठल्या खेळावर किती खर्च केला हे दरवर्षी सरकारला कळवावं लागतं, ते कुणालाही बघता येतं. (बघाल तेव्हा सावध राहा. बऱ्याच छोट्या कॉलेजांच्या तक्त्यात फुटबॉलचं उत्पन्न आणि खर्च डॉलरला डॉलर सारखे असतात, कारण कॉलेजाने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसेच उत्पन्न म्हणून दाखवलेले असतात.) पदवीचं मात्र तसं नाही. १९९० चा जो कायदा खेळाडूंचं पदवीचं प्रमाण खेळवार जाहीर करायला लावतो, तो खेळासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजांना लागू होतो. आपण शिष्यवृत्ती देत नाही, म्हणून त्या कायद्याचं बंधन आपल्यावर येत नाही. म्हणजे ज्या मुलाचं शिक्षण फुकट आहे त्याच्याबद्दल विचारणा होते, आणि ज्याची आई कर्ज काढून फी भरते त्याच्याबद्दल तो कायदा गप्प आहे.

फुटबॉल बंद करा म्हणणारे आपल्यातले लोक नेहमी शिकागोचं उदाहरण देतात, तेही नीट बघू या. शिकागो विद्यापीठ फुटबॉलमधलं एके काळचं बलाढ्य नाव. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला तो त्यांच्या जे बर्वेंजरला. चार वर्षांनी १९३९ च्या मोसमात मिशिगनने त्यांना ८५-० असं हरवलं आणि त्याच डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ ला, त्याच मैदानाच्या स्टँडखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली. गोष्ट इथे थांबवून सांगायला छान वाटते. पण १९६९ ला शिकागोने फुटबॉल परत आणला आणि तो आजही आहे, डिव्हिजन थ्रीमध्ये, शिष्यवृत्तीशिवाय. त्यांनी नको म्हटलं होतं ते त्या खेळाच्या अवाढव्य रूपाला.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर या नामांकित छोट्या कॉलेजने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल बंद केला. दरवर्षी जेमतेम पावणेचारशे विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजात एका खेळाला फार जागा जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. माजी विद्यार्थी आणि खेळाडू फार दुखावले, आणि कॉलेजचं काही बिघडलं नाही. पण स्वार्थमोरच्या दारात प्रवेशासाठी रांग असते. आपल्या दारात नसते. त्यांचं अनुकरण आपण करणं म्हणजे सावकाराचं बघून शेतमजुराने उपास धरण्यासारखं आहे.

आणि फुटबॉलने कॉलेज वाचतं असं म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवं. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने २००५ नंतर खेळ वाढवून पटसंख्या जवळजवळ दुप्पट केली, हे खरं आहे, आणि त्यानंतर अनेकांनी तो मार्ग धरला. पण अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने २००७ साली, अडुसष्ट वर्षांनी, फुटबॉल पुन्हा सुरू केला होता. ३१ मे २०२४ ला ते कॉलेज कायमचं बंद झालं. त्या दिवशी त्यांचा बेसबॉलचा संघ इथे ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. त्या मुलांच्या शर्टवर असलेल्या नावाचं कॉलेज संध्याकाळी उरलं नव्हतं. इलिनॉयमधलं मॅकमरी २०२० ला गेलं, आयोवा वेस्लियन २०२३ ला. दोघांकडेही फुटबॉल होता. आयोवा वेस्लियनमध्ये तर १९८९ च्या सुमारास हॅल मम्मी आणि माइक लीच या दोन कोचनी चेंडू सतत हवेतून फेकत पुढे जायची जी पद्धत बसवली, ती आज देशभर खेळली जाते. पद्धत राहिली, कॉलेज गेलं. ज्याच्या तिजोरीत मुळातच काही नाही त्याला फुटबॉल तारत नाही.

डॅलसच्या पॉल क्विन कॉलेजचं मला विशेष वाटतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं गरीब कॉलेज. अध्यक्ष मायकल सोरेल यांनी २००७ ला फुटबॉल थांबवला आणि २०१० ला त्या मैदानावर शेती सुरू केली. आसपास धड भाजी मिळायची सोय नव्हती, तिथे विद्यार्थ्यांनी पालेभाज्या पिकवल्या आणि त्यांतला मोठा भाग डॅलसच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या स्टेडियमच्या स्वयंपाकघराला विकला. तिथे फक्त एक खर्च कापला गेला असं झालं नाही. मुलांना मैदानाच्या बदल्यात दुसरं काम आणि दुसरी ओळख मिळाली. आपल्या बजेट कमिटीत "फुटबॉल बंद करून त्या मुलांना काय देणार?" हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता थोडं कडू बोलते. आपल्याला हा खेळ परका आहे. आपली मुलं टेनिस खेळतात, पोहतात, बुद्धिबळ खेळतात, फार तर सॉकर. शनिवारी आपल्याच कॉलेजच्या मैदानावर चार चार तास गाडी हाकून आलेले आईबाप घोंगड्या पांघरून बसतात, आपला मुलगा एक मिनिट तरी मैदानात उतरेल म्हणून वाट बघतात, आणि आपण त्याच वेळी पार्किंग मिळत नाही म्हणून कुरकुरतो. त्या अंगाने मोठ्या मुलांना आपण वर्गात आल्याआल्या "अभ्यासात कच्चा" अशा रांगेत बसवतो. मी बसवलंय. कोल्हापुरात वाढलेल्या मुलीने तरी हे करायला नको होतं. माझे मामा तालमीत जायचे. वस्तादाला प्रत्येक पोराचं घर माहीत असायचं, घरात दूध आहे का, बाप काय करतो, शाळेत नापास झालाय का. पोरगं दोन दिवस आखाड्यात दिसलं नाही तर वस्ताद स्वतः दारात उभा राहायचा. खेळ शिकवणारा माणूस पोराच्या आयुष्याला धरून ठेवतो, हे आपल्याला कुणी अमेरिकेत येऊन शिकवायची गरज नाही.

असे कोच आपल्याकडे आहेत. आमच्या लाइनचा कोच सकाळी सातला मुलांना फोन करून उठवतो, दर दोन आठवड्यांनी माझ्याकडे हजेरी विचारायला येतो, आणि मी नापासाची सूचना पाठवली तर त्या मुलाला प्रॅक्टिस सोडून माझ्या ऑफिसात पाठवतो. इतर विद्यार्थ्यांना असा पालक मिळत नाही. पण तोच कोच मला एकदा म्हणाला की त्याला वर्षाला बारा मुलं आणायचीच असतात, आकडा ठरलेला आहे, आणि आणलेल्यांतले किती टिकले हे त्याला वर्षअखेर कुणी विचारत नाही. वस्तादाला असं कुणी म्हटलं असतं का, की दरवर्षी बारा नवे पोर आण, जुने कुठे गेले ते सोड?

आपल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांनाही यातून सुटका नाही. कबड्डीतला मुलगा खेळाच्या कोट्यातून यायचा, आंतरविभागीय स्पर्धेत ढाल आणायचा, प्राचार्यांच्या ऑफिसात फोटो लागायचा, हजेरी भरून मिळायची. टी. वाय. च्या परीक्षेला तो कुठे होता हे विचारायला कुणाला सवड नसायची. फरक एवढाच की तिथे त्या मुलाच्या आईच्या डोक्यावर इतकं कर्ज नसायचं.

दुखापतीबद्दल न बोलून चालणार नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजपर्यंत फुटबॉल खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा आजार सापडला. संख्याशास्त्राची बाई म्हणून सांगते, यावरून दहांतल्या नऊ खेळाडूंना तो आजार होतो असं म्हणता येत नाही. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच बहुतेक मेंदू दिले होते. पण ५३ पैकी ४८ हा आकडा बघून मला झोप लागली नाही, हेही खरं आहे. १९०५ साली या खेळात इतकी मुलं दगावली होती की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी नियम बदलले. म्हणजे हा खेळ बदलता येतो. मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये जॉन गाग्लियार्डी यांनी साठ वर्षं कोचिंग केलं. त्यांच्या सरावात अंगावर झेपावून पाडायला मनाई होती. कारकिर्दीत त्यांनी ४८९ सामने जिंकले, कॉलेज फुटबॉलमधल्या कुठल्याही कोचपेक्षा जास्त. आयोवातल्या ग्रिनेलने २०१९ मध्ये धडधाकट खेळाडू २८ च उरले तेव्हा तीन सामन्यांनंतर उरलेला सीझनच रद्द केला. लोक हसले असतील, पण मला ते शहाणपणाचं वाटलं. सरावात डोकं आपटायला लावणारा आणि माणसं पुरत नसताना मुलं मैदानात ढकलणारा कार्यक्रम कितीही फी आणत असला तरी तो ठेवण्याच्या बाजूने माझं मत पडणार नाही.

मग मी काय मागणार आहे? फुटबॉलसाठी आलेल्या मुलांचं पदवीपर्यंत पोचण्याचं प्रमाण कॉलेजच्या एकूण प्रमाणाइतकं तरी असावं. ते खेळवार, दरवर्षी, फॅकल्टी मीटिंगच्या त्याच पडद्यावर दाखवावं, जिथे ऑगस्टची यादी दाखवतात. कोचचं मूल्यमापन किती आणले यावर नको, किती टिकले यावर व्हावं. मोठा संघ म्हणजे जास्त फी, म्हणून एकशेतीस मुलं गोळा करायची आणि त्यातल्या पन्नासांना कधीच मैदान दाखवायचं नाही, हे थांबवावं. ऐंशी-पंच्याऐंशीवर मर्यादा घालावी. आणि जो मुलगा संघ सोडेल, दुखापतीने असो की मन उडाल्याने, त्याच्यासाठी त्या आठवड्यात कुणीतरी नेमलेलं असावं. आमच्या त्या मुलाचं सगळं त्या एका आठवड्यात निसटलं, असं मला आजही वाटतं.

हे ज्या कॉलेजला जमणार नाही, पाच वर्षं आकडा वर येणार नाही, त्याने फुटबॉल बंद करावा. मीच हात वर करेन. पण चार वर्षं आधी सांगून, आलेल्या मुलांना खेळू देऊन, शिकू देऊन मग. डिसेंबरात सांगायचं आणि जानेवारीत कुलूप लावायचं, तसं नाही.

आमच्या रजिस्ट्रारकडे मी गेल्या दहा वर्षांतली यादी मागितली आहे : पहिल्या सेमिस्टरला फुटबॉलमध्ये नाव, दुसऱ्या वर्षी कॉलेजात आहे का, सहा वर्षांत पदवी मिळाली का. नावांशिवाय, नुसते आकडे. ही माहिती प्रत्येक कॉलेजकडे असते, फक्त ती एकत्र करून फॅकल्टीसमोर कुणी मांडत नाही. कुणाला गुप्ततेचा कायदा आड येईल असं वाटत असेल, तर ज्यातून कुणी एक विद्यार्थी ओळखू येत नाही अशा एकूण आकड्यांना तो आड येत नाही. तुम्हीही मागा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जेवढ्या कॉलेजांचे आकडे येतील तेवढ्यांचा तक्ता मी करते, कॉलेजांची नावं न लिहिता, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी सगळ्यांना पाठवते, म्हणजे बजेटच्या बैठकीला तो आपल्या हातात असेल. तक्त्याने मला खोटं पाडलं, सगळीकडे २८-२६-२४-२२ निघालं, तर मला फार आनंद होईल.

पंचेचाळीस क्रेडिटवाल्या त्या मुलाला परत यायचं असेल तर किती फी थकली आहे, कुठले क्रेडिट अजून धरले जातील आणि काही मदत मिळू शकते का, हेही मी रजिस्ट्रारला विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की आधी त्याला कळवीन.

आपली,
ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजातली संख्याशास्त्राची शिक्षिका